तारणहाराची प्रतीक्षा आणि बारा ग्रामसभा

२००१ साली इंग्लंड व वेल्समध्ये जनगणना झाली, तेव्हा धर्माविषयीच्या ऐच्छिक प्रश्नाला उत्तर देताना ३,९०,१२७ नागरिकांनी आपला धर्म ‘जेडाय’ असा नोंदविला. हा धर्म कोणा प्रेषिताने स्थापन केलेला नाही. जॉर्ज लुकस यांच्या १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातील योद्ध्या-संन्याशांचा तो काल्पनिक पंथ होय. त्या जनगणनेत स्वतःला शीख, ज्यू अथवा बौद्ध म्हणवणाऱ्या प्रत्येक समाजाची नोंद या आकड्यापेक्षा कमी भरली. अर्थात यातील बहुसंख्यांनी हा प्रकार थट्टेने केला होता. तशी मोहीमच ई-मेलद्वारे चालविण्यात आली होती आणि सरकारने या मंडळींची गणना ‘धर्म नाही’ या सदरात केली. २०११ मध्ये ही संख्या १,७६,६३२ वर उतरली. २०१६ साली तेथील धर्मादाय आयोगाने अशाच एका जेडाय संस्थेला धर्मसंस्था म्हणून मान्यता देण्याचे नाकारले. थट्टा ओसरली. थट्टेच्या तळाशी असलेला प्रश्न मात्र ओसरलेला नाही. चर्चकडे पाठ फिरवलेल्या लाखो माणसांना, थट्टेसाठी का होईना, धर्माच्या रकान्यात लिहिण्याजोगा शब्द एका विज्ञानपटात सापडावा, याचा अर्थ काय?

कोणत्याही ग्रंथावर श्रद्धा नसलेला तरुण चित्रपटगृहाच्या अंधारात बसून जन्म-मरण, पाप, बलिदान, माया आणि मुक्ती यांचा विचार करू लागतो, ही गेल्या शतकाच्या उत्तरार्धातील एक मोठी सांस्कृतिक घटना आहे. धर्मपीठांनीही तिची दखल घेतली. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ मध्ये व्हॅटिकनने ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ आणि स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हे दोन विज्ञानपट होते. ईश्वराची कल्पना आपल्या चित्रपटाच्या गाभ्याशी आहे, मात्र तो ईश्वर कोणत्याही रूढ धर्मातील मानवरूपी ईश्वर नव्हे, असे कुब्रिक यांनी १९६८ सालीच सांगून टाकले होते.

परिवर्तनवादी वर्तुळात या चित्रपटांविषयी सामान्यतः दोन वृत्ती आढळतात. पहिली तुच्छतेची. हा सारा भांडवली करमणुकीचा पसारा आहे, त्यात तत्त्वज्ञान शोधणे म्हणजे वाळूचे कण रगडणे, असे म्हणून कार्यकर्ता मोकळा होतो. दुसरी वृत्ती या वर्तुळाबाहेरून येते, पण आत शिरण्यास तिला वेळ लागत नाही. ती प्रत्येक चित्रपटात आपल्या प्राचीन ज्ञानाचा पुरावा पाहते आणि पाश्चात्त्यांनी अखेर वेदान्त मान्य केला म्हणून समाधान पावते. या दोन्ही वृत्तींना चित्रपट नीट पाहण्याची गरज भासत नाही, हे त्यांचे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

मार्क्सने १८४४ साली धर्माची तुलना अफूशी केली, हे सर्वांच्या तोंडी असते. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला खऱ्या दुःखाची अभिव्यक्ती आणि त्या दुःखाविरुद्धची तक्रार म्हटले आहे, याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो. लोकप्रिय विज्ञानपटांना हीच दृष्टी लावून पाहिले पाहिजे. त्यांतील तक्रार कोणती, ती कोणाची, आणि अखेरीस तिची वासलात कशी लावली जाते, हे तपासले पाहिजे. या तपासणीसाठी महाराष्ट्राला परिचित असलेली एक कसोटी उपयोगी पडेल. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मोक्षदाता आणि मार्गदाता असा भेद केला आहे. बुद्धाने स्वतःला मोक्षदाता म्हणवून घेतले नाही. तो मार्ग दाखवणारा होता, चालायचे ज्याचे त्याने. विज्ञानपट मानवी दुःखाचे निदान अनेकदा अचूक करतात. उपचार सांगण्याची वेळ आली की मात्र मोक्षदात्याला पाचारण करतात.

वेठीचा इतिहास

विज्ञानपटांतील अध्यात्माचा उगम आकाशात नसून कारखान्यात आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला तो चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाने. शब्द सुचविला त्यांचे बंधू योसेफ यांनी. त्याचे मूळ चेक भाषेतील ‘रोबोटा’ या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ आहे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाला सक्तीने करावे लागणारे बिनमोबदला काम. नाटकात कृत्रिम मजूर बंड करतात आणि मानवजात नष्ट करतात. एका माणसाला तेवढे ते जिवंत ठेवतात, कारण तो त्यांच्यासारखाच स्वतःच्या हातांनी काम करणारा असतो. या कृत्रिम देहाला आत्मा आहे काय, हा प्रश्न पुढे शंभर वर्षे विज्ञानपटांनी विचारला. त्या प्रश्नाचा जन्म वेठीच्या प्रश्नापोटी झाला, एवढे स्मरणात ठेवले म्हणजे पुष्कळसे धुके निवळते.

१९२७ सालच्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये हे नाते उघडच दिसते. वर उद्याने आणि गगनचुंबी मनोरे. जमिनीखाली यंत्रे आणि त्याहून खाली कामगारांची वस्ती. यंत्राचा स्फोट होतो, तेव्हा मालकाच्या मुलाला, फ्रेडरला, त्या यंत्राच्या जागी मोलॉख हा नरबळी घेणारा देव दिसतो आणि कामगारांच्या रांगा त्याच्या जबड्यात चढून जाताना दिसतात. जमिनीखालच्या भुयारात मारिया नावाची तरुणी कामगारांना बाबेलच्या मनोऱ्याची कथा सांगते. ज्यांनी मनोऱ्याची कल्पना केली आणि ज्यांनी तो बांधला, त्यांची भाषा एकच होती. तरी ते एकमेकांना समजू शकले नाहीत. बायबलच्या कथेचे हे रूपांतर साधे नाही. मूळ कथेत देव मनुष्याच्या भाषा वेगळ्या करतो. येथे ती फाटाफूट श्रमविभागणीने घडवून आणलेली आहे.

निदान इतके नेमके असताना शेवट काय होतो? कामगारांचा जमाव यंत्रमानवाच्या चिथावणीने बेभान होऊन यंत्रे फोडतो आणि स्वतःचीच मुले राहतात ती वस्ती पाण्याखाली जाते. अखेरीस चर्चच्या पायऱ्यांवर मालकाचा मुलगा मालकाचा आणि मुकादमाचा हात एकमेकांच्या हातात देतो. मालकी जिथल्या तिथे राहते, कामाचे तास जिथल्या तिथे राहतात. हृदयपरिवर्तन तेवढे घडते. मध्यस्थ म्हणून ज्याची वाट पाहण्यास मारिया सांगत असते, तो कामगारांमधून येत नाही, मालकाच्या घरातून येतो. लांग यांनी पुढे स्वतःच या शेवटाविषयी असमाधान व्यक्त केले. ते १९३३ साली जर्मनी सोडून गेले. पटकथा लिहिणारी त्यांची पत्नी थेया फॉन हार्बू मागे राहिली आणि नाझी पक्षाची सदस्य झाली. लांग यांच्यापासून विभक्त झाल्यावर तिने विवाह केला तो आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी, ही त्या काळाच्या गुंतागुंतीची आणखी एक खूण. मध्यस्थाची वाट पाहणाऱ्या जर्मन जनतेपुढे १९३३ साली कोण उभा ठाकला, हे सांगण्याची आवश्यकता नाही. एका चित्रपटाने हिटलर आणला असे म्हणणे बालिशपणाचे होईल. तारणहाराची भूक समाजात किती खोलवर होती, याची साक्ष मात्र तो चित्रपट देतो.

रिडली स्कॉट यांच्या १९८२ सालच्या ‘ब्लेड रनर’ने हा धागा अधिक प्रामाणिकपणे पुढे नेला. परग्रहांवरील वसाहतींत राबण्यासाठी बनविलेल्या कृत्रिम माणसांना केवळ चार वर्षांचे आयुष्य दिलेले असते. त्यांचा पुढारी रॉय बॅटी आपल्या निर्मात्याला शोधत पृथ्वीवर येतो. निर्माता भेटतो तो पिरॅमिडसारख्या प्रचंड इमारतीच्या माथ्यावर राहणारा एक कंपनीमालक. निर्मिलेल्याने निर्मात्याला जाब विचारावा, ही धर्मग्रंथांतील अतिप्राचीन तक्रार. येथे तिला मजुरीच्या कराराचे रूप आले आहे. बॅटीची मागणी एकच असते, अधिक आयुष्य. ती फेटाळली जाते आणि तो मालकाला ठार करतो. मात्र शेवटी, स्वतःच्या तळहातात खिळा रुतवून घेतलेला हा गुलाम आपल्याला मारण्यास आलेल्या शिपायाचा जीव वाचवतो. ख्रिस्ताच्या क्रूसाची ही प्रतिमा समीक्षकांनी पुष्कळ चर्चिली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की येथे करुणा वरून खाली येत नाही. ज्याला माणूस मानले गेले नाही, तोच माणुसकी म्हणजे काय हे दाखवून देतो. विज्ञानपटांच्या इतिहासात तारणहाराची कल्पना अशी उलटी झाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

शक्ती सर्वांची की वंशाची?

‘स्टार वॉर्स’ची गोष्ट निराळी आहे. तेथे ‘फोर्स’ नावाची एक शक्ती सर्व सजीवांना व्यापून आहे. पाश्चात्त्य प्रेक्षकाला तीत ताओ दिसला, भारतीय प्रेक्षकाला प्राण अथवा ब्रह्म दिसले. ही धूसरता हेतुपूर्वक होती. तरुणांच्या मनात अध्यात्माची जाग यावी, पण ती कोणत्या एका धर्माची नसावी, अशी आपली इच्छा होती, असे लुकस यांनी १९९९ साली बिल मॉयर्स यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितले. पुराणकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांचे ऋण त्यांनी मान्य केले होते. कॅम्बेल यांच्यावरील १९८८ सालच्या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचे बरेचसे चित्रीकरण लुकस यांच्याच वास्तूत झाले.

या कथेची राजकीय मुळेही विसरता कामा नयेत. बलाढ्य यंत्रांच्या साम्राज्याशी अपुऱ्या साधनांनी लढणारे बंडखोर रंगविताना आपल्यासमोर व्हिएतनामचे युद्ध होते आणि त्या चित्रातील साम्राज्य म्हणजे अमेरिका, असे लुकस यांनी पुढे स्पष्ट केले. परंतु चित्रपट एकदा बाजारात गेला की त्याचे प्रतीक कोणाच्याही हाती पडते. मार्च १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी सोव्हिएत संघाला दुष्ट साम्राज्य ठरविले आणि त्याच महिन्यात अवकाशातील क्षेपणास्त्रविरोधी योजना जाहीर केली. विरोधकांनी तिला उपहासाने ‘स्टार वॉर्स’ म्हटले. समर्थकांनी ते नाव आनंदाने पत्करले. लुकस यांची कंपनी १९८५ साली न्यायालयात गेली आणि हरली. व्हिएतनामी शेतकऱ्याच्या प्रतिकारातून स्फुरलेली कथा अशा रीतीने अण्वस्त्रस्पर्धेची जाहिरात झाली.

याहून खोल पडझड कथेच्या आतच झाली. १९७७ च्या चित्रपटात ल्यूक हा वाळवंटातील शेतावर काकांकडे राबणारा सामान्य मुलगा आहे आणि शक्ती चराचरात भरलेली आहे. तत्त्वतः ती कोणालाही जागवता यावी. १९८० मध्ये उघड होते की तो मुलगा सामान्य नव्हेच. साम्राज्याच्या महाबली सेनानीचा तो पुत्र आहे. १९९९ च्या भागात शक्तीचा अधिकार रक्तातील सूक्ष्म घटक मोजून ठरविला जातो आणि भविष्यवाणीतला निवडलेला पुरुष पित्यावाचून जन्मास येतो. २०१७ च्या भागाने हे चक्र मोडण्याचा प्रयत्न केला. नायिका रे हिचे आईबाप कोणीच नव्हते, असे सांगण्यात आले आणि शेवटी तबेल्यात राबणाऱ्या एका मुलाच्या हाती ती शक्ती दिसली. दोनच वर्षांत, २०१९ च्या भागाने तो निर्णय फिरविला. रे ही सम्राटाची नात निघाली.

जातिव्यवस्थेच्या देशातील वाचकाला या प्रवासाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. ब्रह्म सर्वांत आहे असे म्हणावयाचे आणि ब्रह्मज्ञानाचा अधिकार मात्र जन्मावर ठरवावयाचा, ही युक्ती येथे शतकानुशतके चालली. तत्त्वात समता आणि व्यवहारात वंश, हा दुभंग आकाशगंगेतही तसाच पोचला आहे. २०१२ मध्ये लुकस यांची कंपनी डिस्नेने चार अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली. घराण्याचे नाव हीच ज्या मालाची ओळख, त्या मालात घराणे मोडणे कंपनीला परवडणार कसे?

तरीही याच आकाशगंगेत २०२२ साली ‘अँडॉर’ ही मालिका निर्माण झाली, याची नोंद न्यायबुद्धीने केली पाहिजे. तिच्यात जेडाय नाहीत, भविष्यवाणी नाही. एका तुरुंगात कैदी अहोरात्र यंत्राचे सुटे भाग जोडत असतात. शिक्षा संपलेल्या कैद्याला सोडत नाहीत, दुसऱ्या मजल्यावर नेऊन पुन्हा कामाला लावतात, हे त्यांना कळते. आणि मजल्यामागून मजला संघटित होऊन बाहेर पडतो. बाजाराच्या पोटातूनही वेगळी कथा जन्माला येऊ शकते. प्रेक्षकांनीही ती आदराने स्वीकारली, हे विशेष.

मायेचा मालक

भारतीय अध्यात्माच्या प्रवचनकारांना सर्वाधिक आवडलेला विज्ञानपट म्हणजे वाचोव्स्की भगिनींचा ‘द मॅट्रिक्स’ (१९९९). दिसते ते जग संगणकाने रचलेला आभास आहे, खरे वास्तव निराळेच आहे आणि जागे होणे हीच मुक्ती, असा त्याचा विषय. नायक निओ हा निवडलेला पुरुष. तो मरून पुन्हा उठतो. त्याला जागे करणारी ट्रिनिटी, त्याचा घात करणारा सायफर, जागृतांचे शहर झायन, अशा ख्रिस्ती खुणा जागोजागी आहेत. २००३ च्या तिसऱ्या भागाच्या संगीतात तर बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थनाच संस्कृतात ऐकू येते. तेव्हा मायावादाला हॉलिवूडने दिलेले हे प्रमाणपत्र होय, असा डांगोरा पिटला गेला यात नवल नाही.

पण चित्रपट काळजीपूर्वक पाहिला तर निराळेच दिसते. शांकर अद्वैतातील माया अनादि आहे, अनिर्वचनीय आहे. ती कोणी कोणाच्या नफ्यासाठी पसरलेली नाही. ‘मॅट्रिक्स’मधील आभासाला मात्र मालक आहे आणि हेतूही आहे. माणसांचे देह रांगेने कोठड्यांत निजवून त्यांची ऊर्जा यंत्रांना पुरवली जाते. देहांनी तक्रार करू नये म्हणून त्यांच्या मेंदूला स्वप्न दाखवले जाते. म्हणजे आभास हा शोषणाचा पडदा आहे. प्रवचनकार अर्धी गोष्ट उचलतात. जग आभास आहे एवढे सांगतात आणि आभासामागे कोणाचे देह पिळले जात आहेत, हा चित्रपटातला अधिक महत्त्वाचा भाग गाळतात. मराठी परंपरेपुरते बोलावयाचे तर ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त अज्ञानाचे खंडन करून जगाला चिद्विलास म्हटले. जग खोटे म्हणून टाकून देण्याची वाट त्यांनी धरली नाही. वारकऱ्यांच्या भूमीत मायावाद हाच एकमेव अध्यात्मविचार असल्यासारखे बोलणे, हे त्या परंपरेच्याही अज्ञानाचे लक्षण आहे.

असे असले तरी ‘मॅट्रिक्स’ची उणीव झाकता येणार नाही. जे जागे झालेले नाहीत ते सारे संभाव्य शत्रू, असे निओला शिकविले जाते आणि झोपलेल्या पहारेकऱ्यांना मारताना त्याचा हात थरथरत नाही. जागृती ही सामुदायिक प्रक्रिया न राहता मूठभरांचा विशेषाधिकार बनते. पुढे या बीजाला विषारी फळ आले. सत्य दाखवणारी ‘तांबडी गोळी’ हे चित्रपटातील रूपक स्त्रीद्वेष्ट्या आणि कडव्या उजव्या गटांनी पळवले. आपण जागे आणि बाकीचे मेंढरे, या अहंकाराला त्यांना आयते चिन्ह मिळाले. लिली वाचोव्स्की यांनी २०२० मध्ये सांगितले की मूळ हेतू पारलिंगी व्यक्तीच्या आत्मशोधाचे रूपक रचण्याचा होता. ज्यांच्या मुक्तीसाठी रूपक रचले, त्यांच्याच छळासाठी ते वापरले गेले. एकट्याच्या साक्षात्कारावर उभारलेल्या मुक्तीत हा धोका नेहमीच असतो, मग तो साक्षात्कार गुहेत होवो की संगणकात.

अवतार आणि नियमगिरी

डिसेंबर २००९ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांचा ‘अवतार’ प्रदर्शित झाला. पँडोरा ग्रहावरील नावी जमातीच्या पवित्र वृक्षाखाली मौल्यवान खनिज आहे आणि पृथ्वीवरील एक कंपनी ते सैन्याच्या बळावर काढू पाहत आहे, अशी ही कथा. वृक्ष, प्राणी आणि पूर्वज यांना जोडणारी एवा ही नावींची देवता. व्हॅटिकनच्या मुखपत्राने चित्रपटावर निसर्गपूजेचा आरोप केला. आदिवासी चळवळींनी मात्र त्यात स्वतःचा चेहरा ओळखला. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘सर्व्हायव्हल इंटरनॅशनल’ या संघटनेने अमेरिकेतील चित्रपट-व्यवसायाच्या ‘व्हरायटी’ या पत्रात जाहिरात देऊन कॅमेरॉन यांना आवाहन केले की ओडिशाच्या नियमगिरी पर्वतावर तुमची कथा प्रत्यक्ष घडते आहे, तिकडे लक्ष द्या.

चित्रपटाचे नाव संस्कृत आहे आणि अवतारकथा कशी वाचावी याचा धडा महाराष्ट्राला १८७३ सालीच मिळाला आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त मत्स्य, कच्छ, वराह, वामन या अवतारांच्या कथा घेतल्या आणि ज्यांच्यावर अवतार उतरला त्यांच्या बाजूने त्या वाचल्या. वामनाची स्तुती करणाऱ्या कथेतून त्यांनी बळीराजाचे राज्य उकरून काढले. जोतीरावांनी पुराणाची केवळ टिंगल केली नाही. पुराणात पुरलेली पराभूतांची स्मृती त्यांनी बोलती केली. आजच्या पुराणकथा रुपेरी पडद्यावर रचल्या जात असताना हीच पद्धत हाती असावयास हवी.

त्या दृष्टीने ‘अवतार’ पाहिला की त्याची मर्यादा स्पष्ट होते. कंपनीचे लुटारू रूप तो निर्भीडपणे दाखवतो. परंतु नावींना वाचवतो कोण? पृथ्वीवरून हेरगिरीसाठी आलेला माजी सैनिक जेक. तो काही महिन्यांत त्यांची विद्या आत्मसात करतो, पिढ्यान्‌पिढ्यांत क्वचितच कोणाला साधलेल्या महापक्ष्यावर स्वार होतो आणि जमातीचा नेता बनतो. आदिवासींनी स्वतः एकत्र बसून काय ठरवले, याला कथेत जागा फारशी नाही. अवतार शब्दाचा अर्थच वरून उतरणे असा. चित्रपट त्या अर्थाशी एकनिष्ठ राहिला आहे.

नियमगिरीवर घडले ते वेगळे. तेथे डोंगरिया कोंध या आदिवासींचा नियम राजा हा देव पर्वतावर वास करतो आणि पर्वताच्या पोटात बॉक्साइट आहे. ते काढून लांजीगढच्या शुद्धीकरण कारखान्याला पुरवावयाचे होते. कारखाना ज्या समूहाचा, त्याचे नाव वेदान्त. तत्त्वज्ञानाचे नाव आणि खनिजाचा व्यवहार यांचा असा संगम कोणत्याही पटकथाकाराला सुचला नसता. अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर ऑगस्ट २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वनमंजुरी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की या खाणीने आदिवासींच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांना बाधा येते काय, याचा विचार २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभांनी करावा. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये, पावसात, न्यायाधीशांच्या निरीक्षणाखाली बारा गावांच्या ग्रामसभा भरल्या. एकामागून एक बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने प्रकल्पाला अंतिम नकार दिला. २०१६ मध्ये राज्याच्या बाजूने पुन्हा न्यायालयाचे दार ठोठावण्यात आले. ते उघडले नाही.

या घटनेत धर्म होता. डोंगरिया कोंधांनी ‘आमचा देव येथे आहे’ असेच न्यायासनापुढे सांगितले. परंतु देव येऊन त्यांना वाचवील असे त्यांनी म्हटले नाही. देवाचे घर वाचविण्यासाठी ते स्वतः डोंगर उतरून सभेत आले, बोलले आणि त्यांनी ठराव केला. श्रद्धा येथे प्रतीक्षेचे निमित्त न होता निर्णयाचे बळ झाली. हातात सत्ता नसलेल्या माणसांनी कायद्यातील एका कलमाचा आधार घेऊन, नाव पुकारले की उभे राहून आपले मत नोंदवावे, यात नेत्रदीपक असे काही नाही. महापक्ष्यावरील उड्डाणासारखे ते चित्रित करता येणार नाही. तरीही पर्वत वाचला तो त्यामुळे.

प्रश्न विचारण्याची सवय

विज्ञानपटांत धर्म शोधणाऱ्या तरुणाला हसून घालवणे हा कार्यकर्त्यासाठी सर्वांत सोपा आणि सर्वांत निष्फळ मार्ग आहे. तो तरुण जे शोधतो आहे ते खोटे नाही. आपण कोणाच्या तरी यंत्राला जुंपलेले आहोत, आपल्याला दाखवले जाते ते सारे खरे नाही, आपल्याहून मोठ्या कशाशी तरी आपले नाते आहे, या जाणिवा त्याला पक्षाच्या पत्रकातून मिळाल्या नसतील, चित्रपटगृहात मिळाल्या. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. त्यांना पुढची वाट दाखवावयाची असेल तर अभ्यासमंडळात असे चित्रपट पाहून, त्यांच्यावर तीन साधे प्रश्न विचारण्याची सवय लावता येईल. या दुःखाचा मालक कोण? मुक्ती कोणाच्या हातून घडते? आणि मुक्तीनंतरचे निर्णय कोण घेणार?

हे प्रश्न पडद्यापुरते राहणार नाहीत, हेच त्यांचे खरे महत्त्व. निवडलेल्या पुरुषाची भाषा आता चित्रपटातून राजकारणात आणि राजकारणातून परत चित्रपटात सहज ये-जा करते. कोणाला दैवी संकेताने नेता मानायचे, त्याच्या विरोधकांना अंधारातले जीव ठरवायचे आणि त्याच्या चुकांना लीला म्हणायचे, ही सवय एकदा मनाला जडली की लोकशाहीच्या संस्था बाहेरून शाबूत दिसत असताना आतून पोकळ होतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी राजकारणातील भक्तीविषयी जो इशारा दिला, तो याच धोक्याचा होता. धर्मात भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. हा इशारा डाव्या आणि समाजवादी चळवळींनीही स्वतःला लावून घ्यावयास हवा, कारण मोक्षदात्यांच्या तसबिरी त्यांच्याही कार्यालयांत कमी लागल्या नाहीत.

इंग्लंडमधील त्या लाखो नागरिकांनी जनगणनेच्या कागदावर थट्टेने एक शब्द लिहिला, आणि बारा वर्षांनी नियमगिरीच्या बारा गावांनी दुसऱ्या एका कागदावर गांभीर्याने अंगठे उठवले. दोन्हीकडे माणसे आपल्याहून मोठ्या कशाविषयी तरी बोलत होती. पहिल्या कागदाने कोणाचेही जगणे बदलले नाही. दुसऱ्या कागदामुळे नियमगिरीच्या माथ्यावर आजही खाण नाही. पडद्यावरील कथा पाहून जागा झालेला तरुण पहिल्या कागदाकडून दुसऱ्या कागदाकडे यावा, यासाठी त्याच्याशी बोलत राहणे हे काम आहे. आणि ते करण्यासाठी कोणाही अवताराची वाट पाहावी लागत नाही.